पाण्याचा थेंबसुद्धा नाही

४ जून

सकाळी येते म्हणाली आणि जेवायच्या वेळेला उगवली! कंपनीची नवी नर्स. जाकेलीन. मागच्या आठवड्यातली शर्ली कुठे गेली विचारलं तर म्हणे, "मला काय माहीत हो, मला नुसता पत्ता दिला." पत्ता! बाबा म्हणजे काय पार्सल आहेत?

हात न धुता आत. जूनच्या थंडीत शेकोटीपुढे हात शेकले, की झाले स्वच्छ. मग बाबांकडे न बघता मला विचारते, "आजोबांना शी झाली का?" अगं, आजोबा समोर बसलेत! अर्धांगवायूने उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. कान गेलेले नाहीत. म्हटलं, त्यांनाच विचार, मान हलवून सांगतात. तिने विचारलं. तेही ओरडून. बाबा म्हणाले, "च्यायला!"

तेवढा एकच शब्द उरलाय त्यांच्याकडे. आयुष्यभर पायसांदूहून मोंतेव्हिदेओला बस नेली. दुसरा कुठला उरणार?

७ जून

बाबा सकाळपासून खोकतायत. कपाळ गरम लागतंय. नको रे देवा.

९ जून

न्यूमोनिया. पुन्हा! अँब्युलन्समध्ये बाबांनी माझी बाही सोडली नाही.

१७ जून

घरी आलो एकदाचे. पण डॉक्टरांनी दम दिलाय— हे दुसऱ्यांदा झालं, तिसऱ्यांदा झालं तर घरी ठेवता येणार नाही. मिल्टनला तेवढंच हवं होतं. मोंतेव्हिदेओत बसून धाकट्या भावांना सगळं कळतं. "ताई, मी एका वृद्धाश्रमात बोलून ठेवलंय. हीटर आहे, रात्रंदिवस नर्स आहे, बाग आहे." फोन स्पीकरवर होता. बाबांनी डावा हात खुर्चीवर असा आपटला की मांजर पळालं!

नाही पाठवणार. या घरातली प्रत्येक वीट त्यांनी सुट्टीच्या दिवशी स्वतः रचलीय.

पण हा आजार येतो कुठून? बाबांचं गिळणं अधू झालंय, पातळ काही घेतलं की ते फुप्फुसात उतरतं, हे मला पहिल्या दिवशीच सांगितलंय. सूप, दूध, औषध, सगळ्यात ती घट्ट करायची पावडर मीच घालते. चमचा उभा राहील असं घट्ट. दात घासल्यावर तोंडसुद्धा ओल्या फडक्याने पुसते. कुणावर विश्वास ठेवत नाही.

मग उरलं काय? त्या नर्सांचे हात! दहा घरं फिरून येणारे, न धुतलेले हात.

२० जून

कंपनीच्या ऑफिसात जाऊन आले. काउंटरवरची बाई नखं रंगवलेली, शांत. म्हणे, "बाई, घर म्हणजे हॉस्पिटल नव्हे. घरच्या मानाने आमची सेवा उत्तम आहे."

घरच्या मानाने! म्हणजे माणूस घरी झोपला की त्याची किंमत निम्मी? हॉस्पिटलात न धुतलेला हात चालत नाही, तो आमच्या दारातून आत आला की चालतो? मी आवाज चढवला. हो, चढवला! रांगेतल्या दोन बायका माझ्या बाजूने बोलायला लागल्या. एकीच्या नवऱ्याला महिन्यात सहा वेगवेगळ्या नर्सा आल्या. त्याला डायबेटीस आहे हे प्रत्येकीला ती नव्याने सांगते.

मी म्हटलं, मला तीन गोष्टी हव्यात. रोज तीच नर्स. आली की आधी हात धुणं. आणि तुमच्यापैकी कुणीतरी येऊन एक अख्खी सकाळ माझ्या घरात बसून बघा, काय चालतं ते. दहा मिनिटं नाही, अख्खी सकाळ! आणि त्या जाकेलीनला पुन्हा पाठवू नका.

२१ जून

जाकेलीनला आमच्याकडून काढलं. सुपरवायझर येणार आहे. बरी जिरली!

२६ जून

काय लिहू.

सुपरवायझर आली. माबेल. वेळेवर! आल्या आल्या हात धुतले, बाबांपुढे वाकून म्हणाली, "अनिबालकाका, मी तुमची खोली बघू का?" बाबा खूश. तिने टाचा बघितल्या, गादी बघितली, पावडरचा डबा उघडून बघितला, मी सूप कसं करते ते बघितलं. म्हणाली, "इर्माबाई, इतकं नीट मी कुठेच बघितलं नाही." माझी मान एवढी उंच!

मग शेजारच्या कोकामावशी खाऱ्या बिस्किटांचं पुडकं घेऊन आल्या. थंडी मरणाची. आम्ही सगळे शेकोटीपाशी बसलो. मी थर्मास घेतला, कोरलेल्या वाळक्या भोपळ्यात येर्बाची कडू पानं भरली, नळी खोचली. पहिला भोपळा मी प्यायले, मग तोच पुन्हा भरून माबेल, मग मावशी, मग बाबा. नळी ओठांत आली की बाबांचा चेहरा पूर्वीसारखा होतो. डाव्या हातात भोपळा धरतात, कुणाची मदत लागत नाही.

माबेल विचारत होती, "आणि पाणी? साधं पाणी कधी चुकून—"

"थेंबसुद्धा नाही!" मी म्हटलं. म्हणता म्हणता दुसरी फेरी फिरून बाबांचा भोपळा पुन्हा भरला.

"अहो, ही तर मला त्यांच्यासमोर नळसुद्धा सोडू देत नाही," मावशी म्हणाल्या.

बाबा प्याले. खोकले. मी भोपळा घेतला, भरला, माबेलला दिला. तिने घेतला, नळी ओठाला लावली आणि तशीच थांबली.

"इर्माबाई, यात काय आहे?"

"येर्बा."

"आणि?"

"आणि काय? आमच्याकडे साखर घालत नाहीत!"

ती भोपळ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "थर्मासमधलं पाणीच ना हे?"

मावशींच्या तोंडात बिस्किट तसंच. आणि माबेल स्वतः दोन भोपळे पिऊन बसली होती, बाबांच्याच नळीने, बाबांच्या शेजारी!

रोज. सकाळ-संध्याकाळ. मी दिला, मावशींनी दिला, मिल्टन आला तेव्हा त्याने दिला. जाकेलीनने दिला, शर्लीने दिला, व्यायाम करून घेणाऱ्या त्या पोरानेही दिला. कुणी लपवून दिला नाही. कुणी विचारलंही नाही, कारण पाणी म्हणजे पेल्यातलं. भोपळा म्हणजे भोपळा. घरात माणूस बसलंय आणि भोपळा त्याला वगळून पुढे गेला, असं या गावात मेल्या वैऱ्याशीही कुणी करत नाही.

२७ जून

झोप नाही. आधी स्वतःचा राग आला, मग सगळ्यांचा. चार नर्सा, एक व्यायामवाला, दोन डॉक्टर— सगळ्यांनी माझ्या हातचा भोपळा घेतला, शेजारच्या रुग्णाला पुढे केला, आणि निघताना मला बजावलं, पाणी देऊ नका हं! मी मूर्ख, पण मी शिवणकाम करणारी बाई आहे. तुम्ही याच कामाचं शिकून आलात ना!

आणि हे सापडलं कसं? कुणीतरी पहिल्यांदा खुर्ची ओढून बसलं म्हणून. मी मागितली होती ती एक सकाळ. तेवढीच तर मागितली होती!

जाकेलीनला फोन केला. म्हटलं, परत ये, माझं चुकलं. हातांबद्दलचं मात्र मी मागे घेत नाही. ती म्हणाली, "येते, ताई. कोपरापर्यंत धुऊन येते." मारलाच टोमणा. मारू दे.

१ जुलै

बाबांचा भोपळा बंद. थर्मास कपाटात. आम्ही धुणं धुवायच्या खोलीत उभ्या-उभ्या पितो, चोरासारखे. बाबांना येर्बाचा वास येतो. येणारच.

१९ जुलै

ताप नाही. खोकला नाही. छाती स्वच्छ. जाकेलीन रोज, वेळेवर, हात धुऊन. माबेल आठवड्यातून एकदा येऊन बसते. म्हणाली, घरच्या सेवेचा नमुना म्हणून कंपनीला आमचा फोटो हवाय. मिल्टनही वृद्धाश्रमाचं नाव काढत नाही. मी मागितलं ते सगळं मिळालं.

आणि बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेत. चमचा नेला की ओठ मिटतात. लाल भोपळ्याचं सूप, कुटलेलं मांस, दुधातला भात, सगळं परत. चार दिवस झाले, "च्यायला"सुद्धा नाही.

२२ जुलै

येर्बात घट्ट करायची पावडर घालून बघितली. विहिरीतलं शेवाळ! बाबांनी एक चमचा तोंडात घेतला आणि माझ्या ब्लाउजवर थुंकला. जाकेलीन म्हणाली, "मीही थुंकले असते." मलाही पटलं.

२८ जुलै

डॉक्टर एचेव्हेरी घरी आल्या. मी सुरू केलं, खात नाहीत, वजन उतरलं, नाकात नळी घालून भरवायचं का? त्यांनी मला हाताने थांबवलं. खुर्ची बाबांच्या पुढ्यात ओढली.

"अनिबालकाका, भोपळा हवाय?"

बाबांनी मान हलवली. जोरात.

"तो छातीत उतरू शकतो. पुन्हा ताप येऊ शकतो. त्यात तुम्ही जाऊ शकता. कळतंय?"

मान हलली.

"तरी हवाय?"

"च्यायला!" बाबा म्हणाले. इतक्या दिवसांनी!

डॉक्टर हसल्या नाहीत. मला म्हणाल्या, "ताठ बसवायचं. आधी तोंड आतून नीट घासायचं, कारण तोंडातली घाण खाली उतरते आणि तीच जास्त घात करते. छोटा घोट, मध्ये थांबा. खोकला आला की बंद. धोका जाणार नाही, कमी होईल. पण निर्णय त्यांचा. त्यांना तेवढं कळतं."

पहिल्या दिवसापासून मी नर्सांना खडसावत आले, त्यांना विचारा, त्यांना विचारा. भोपळा काढून घेताना मी बाबांना विचारलं नव्हतं. कंपनीला नावं ठेवणारी मी!

२९ जुलै

मिल्टनचा फोन. "ताई, तू बाबांना मारणार आहेस." मी म्हटलं, ये इथे आणि भिंतीकडे बघणारा बाप स्वतःच्या डोळ्यांनी बघ, मग बोल. त्याने फोन आपटला. मग अर्ध्या तासाने पुन्हा केला आणि विचारलं, "कधी देणार आहेस?" आवाज बसलेला होता. म्हटलं, रविवारी. ये.



२ ऑगस्ट

मिल्टन पहिल्या बसने आला. जाकेलीन सुट्टी असून आली, न बोलता सिंककडे गेली. बाबांचं तोंड घासलं, ताठ बसवलं. पहिला भोपळा मी घेतला, नेहमीसारखा. दुसरा बाबांना. घोट, थांबले. घोट, थांबले. खोकले नाहीत. मिल्टनने श्वास सोडलेला मला ऐकू आला. मी पुढचा भरायला थर्मास उचलला. आमच्याकडे भोपळा गुपचूप परत केला तर आणखी हवाय. पुरे झालं तरच धन्यवाद म्हणायचं, आणि म्हटल्यावर कुणी आग्रह करायचा नाही. बाबांनी भोपळा माझ्या हातात दिला, माझ्याकडे बघितलं आणि अगदी स्पष्ट म्हणाले, "धन्यवाद."