बिननावाचं करडू

चि. अंजू,
तुज्या आण्णाचा आशीर्वाद.

काल फोनवर तू रडत होतीस. "आण्णा, टोक थोडंच राहिलं होतं, वारं लई सुटलं म्हणून मागं फिरले." मी म्हणलो, "असू दे, पुढच्या साली जमंल." फोन ठेवला. तुजी आई देवापुढं साखर ठेवाय पळाली.

तू एकेका राज्याचं सगळ्यात उंच शिखर चढलीस की इथं घाटनांदुरात आमी एका करडाला त्याचं नाव देतो. कळसूबाईची कळसू हाय, गुरुशिखर हाय, अनैमुडी तर लई मारकी निघाली. देशातल्या सगळ्यात उंच कांचनगंगेसाठी राखलेलं काळं करडू आजून बिननावाचं हाय. ऱ्हाऊ दे तसंच. शेळी किती उंच चढली ते आमी धनगर कवाच इचारीत न्हाई, सांजंला वाड्यात आली का तेवढं बघतो.

हे वाचून तुला राग येईल, म्हणून पत्र टपालात टाकणार न्हाई.

सकाळी पेढे वाटले. शेजारचा भारत म्हणला, "पोरगी शिखरावर पोचली वाटतं?"

म्हणलं, "न्हाई, खाली पोचली. घे, आणखी एक घे."

तुजाच,
हरिबा आण्णा