बंगल्यापुढे मिटणारी छत्री

चिंचवड,
ता. ४ एप्रिल १९५५

ती. सुमनताईस मोरेश्वरचा कृ. सा. न. वि. वि.

एका गंभीर राजद्रोहाची फिर्याद तुझ्या चाकणच्या दरबारात दाखल करीत आहे. आरोपी, माझी छत्री. कासारवाडीच्या शाळेत शिकवून परतताना वाटेत गोऱ्या साहेबाच्या बंगल्याची जागा लागते ना, तिथे ही भर उन्हात आपोआप मिटते. छत्र हे राजलक्षण, असं मुलांना शिकवणारा मी, आणि माझंच टक्कल तापतं!

शेवटी छत्री दुरुस्तीला युसुफभाईंच्या दुकानी नेली. त्यांनी काडी न् काडी तपासली आणि निकाल दिला की, मास्तर, छत्रीला काय बी झालं न्हाई, तुमचाच हात तिला मिटतोय. म्हणे, तिथून जाणारे समदेच छत्री मिटतात. साहेब कधी पाहिलाही नाही असे बीडकडचे मजूरसुद्धा. बंगला पाडून वर्ष झालं गं. नुसतं जोतं उरलंय.

आमची छबू माझ्याच शाळेत येते. ती तर तिथल्या कडुलिंबाखाली थबकते आणि डावा कान हाताने झाकते. विचारलं तर म्हणते, उगीच. नाटकं, दुसरं काय!

तुझा लोभ तरी माझ्या छत्रीसारखा मिटू नये, ही विनंती.

मोरेश्वर

चाकण,
ता. ९ एप्रिल १९५५

चि. मोरेश्वरास सुमनताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हे पोट धरून हसले. मीही हसत होते, छबूच्या कानापर्यंत. मग चुलीवरचं तसंच टाकून ओसरीवर येऊन बसले.

आपल्या आबांचा डावा कान देवी आल्या तेव्हा गेला, असंच तुला ठाऊक आहे ना? ते खोटं. तू आईच्या पोटात होतास, मी आठ वर्षांची. तेव्हा रीत अशी की, बंगल्यापुढून छत्री मिटून, वहाणा हातात घेऊन जायचं. माझे पाय पोळले म्हणून आबांनी मला कडेवर घेतलं, आणि छत्री उघडीच राहिली. त्याच कडुलिंबाखाली साहेबाने त्यांच्या कानावर छडी मारली. घरी येऊन त्यांनी मला शपथ घातली. आजवर मी कुणाला, अगदी ह्यांनाही, बोलले नव्हते.

मोरू, छबूला कुणी सांगितलं?

तुम्हा दोघांत माझा जीव अडकलाय. लगेच लिही.

सुमनताई

चिंचवड,
ता. १५ एप्रिल १९५५

ती. ताईस सा. न. वि. वि.

तिला कुणीच सांगितलं नाही. मलाच ठाऊक नव्हतं, तर मी काय सांगणार?

काल शाळा सुटल्यावर छबूचा हात धरला, छत्री उघडली आणि दांडा दुखेपर्यंत आवळून त्या जोत्यापुढून गेलो. छत्री मिटली नाही. कडुलिंब ओलांडला तेव्हा लढाई जिंकल्यासारखं वाटलं. थोडं पुढे आल्यावर छबूने विचारलं की, बाबा, तुम्ही मघापासून माफी कुणाची मागत होतात?

ताई, मी तोंड उघडल्याचंही मला आठवत नाही.

तुझी माया आज नेहमीपेक्षा जास्त हवी आहे, म्हणून थट्टा बाजूला ठेवून लिहितो. भुताखेतांना मी भीत नाही. साहेब जाऊन आठ वर्षं होतील, छबू सहा वर्षांची आहे. आबांनी जे मला कळू दिलं नाही ते माझ्यातूनच तिच्यात उतरलं असेल, तर ते तिच्यातून काढायचं कसं, हे मला माहीत नाही.

मोरू