डोळे मिटा म्हणाला होतास

गोरवा, बडोदे
२ नोव्हेंबर १९९७

प्रिय रमाकांत,
ताईचा सप्रेम सलाम. वि. वि.

आमच्या चर्चच्या मंडळीच्या उज्जीवन सभेला वक्ता म्हणून नगरहून तूच येणार, हे पाळकसाहेबांनी जाहीर केलं आणि माझी मान ताठ झाली. इथली शेव-उसळ खाऊन ऐनवेळी घसा बसवून घेऊ नकोस म्हणजे मिळवली!

एक काळजी मात्र आहे. कारखान्याला टाळं लागल्यापासून तुझे दाजी प्रार्थना करत नाहीत. मंडळीचे पंच म्हणून प्रभुभोजनाचं तबक फिरवतात, गीतं म्हणतात, पण घरी गुडघे टेकत नाहीत. तुमच्याकडे उपदेश संपला की लोकांना वेदीपुढे बोलावतात म्हणे. आमच्याकडे ती रीत नाही. उपासनेत ते शोभतं का, यावर पंचांत वाद चालू आहे. हे विरोधात आहेत. माणसाचं मन म्हणजे मांडवीचा बाजार नव्हे, असं यांचं म्हणणं. यांना पुढे ओढणार नाहीस, एवढा शब्द दे.

वहिनीला सलाम, लेकरांना पापे. ताईला विसरू नकोस.
तुझी,
चारुलताताई

अहमदनगर
९ नोव्हेंबर १९९७

ती. ताईस,
सा. सलाम वि. वि.

शब्द दिला. अगं, मी काय दाजींना बकोटीला धरून नेणार आहे? मी आधी सगळ्यांना डोळे मिटायला सांगतो. कुणी कुणाकडे बघायचं नाही. ज्याला वाटेल त्यानं नुसता हात वर करायचा, पाहणारा देव. येशूनं कोळ्यांना चारचौघांतच हाक मारली होती, हे मात्र तुमच्या पंचांना सांग.

माझ्यासाठी पुरणपोळी ठरलेली आहे ना? माया आहे तशीच राहू दे.
तुझा,
रमाकांत

बडोदे
१ डिसेंबर १९९७

रमाकांत,
सलाम.

स्टेशनवर तू यांचा हात हातात घेऊन हसत होतास, म्हणून तेव्हा गप्प बसले. आज बसवत नाही.

डोळे मिटा म्हणालास, सगळ्यांनी मिटले. मीही मिटले. मग म्हणालास, ज्यांनी हात वर केला त्यांनी आता वेदीपुढे यावं. कुणी हललं नाही. तेव्हा तू माइकवरून म्हणालास की दाजी, तुमचा हात मी पाहिलाय. सगळी मंडळी वळून बघायला लागली. हे उठले, मुकाट्यानं पुढे गेले, गुडघे टेकले. यांच्या मागोमाग माणसांची रीघ लागली आणि तुझी सभा गाजली.

पुढच्या रविवारी यांच्या जोडीचे पंच श्रीपतरावांनी यांच्या हातातलं तबक हळूच काढून घेतलं. नव्यानं विश्वासात आलेल्यानं जरा दमानं घ्यावं म्हणाले. पंच असलेल्या माणसाला! मंडळीतल्या सुमित्राबेन तर मला मिठी मारून यांच्याबद्दल म्हणाल्या की चालो, दिनकरभाई बची गया. केसानं गळा कापलास रे. परक्यानं केलं असतं तर इतकं लागलं नसतं.

काय लिहायचं ते लिही.
चारुलता

अहमदनगर
८ डिसेंबर १९९७

ती. ताईस,
सा. सलाम वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. पण माझंही ऐक. लोक बसूनच होते. एक पंच उठला तर बाकीचे उठतील, हे मला त्या क्षणी दिसलं, आणि उठले की नाही? त्यांतल्या एकानं दारू सोडली, असं तुमचे पाळकसाहेबच कळवतात. एका माणसाचा संकोच मोठा, की इतक्यांचं तारण? तरी नाताळला येतो आणि दाजींचे पाय धरतो.

रागाव, पण अबोला धरू नकोस.
रमाकांत

बडोदे
१५ डिसेंबर १९९७

रमाकांत,
सलाम.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. मला वाटलं, भडकतील. तर म्हणाले, त्यानं दारू सोडली ते चांगलंच झालं. मग म्हणाले की कारखाना गेल्यापासून त्या संध्याकाळी पहिल्यांदाच देवाशी बोलावंसं वाटलं होतं. शब्द सुचेनात, म्हणून हात वर केला. तीच यांची प्रार्थना होती रे, आणि ती तू मध्येच पकडलीस.

आता रविवारी हे स्कूटर काढून करजणला जुन्या सोबत्याच्या, मोहनरावांच्या दुकानात जाऊन बसतात. मी एकटीच उपासनेला जाते.

नाताळला येऊ नकोस. यांनी सांगितलेलं नाही, मी सांगते आहे. काल जेवायला बसल्यावर मी प्रार्थना म्हणत होते, मध्येच डोळे उघडले. हे डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होते. मी आमेन म्हणून हात खाली ठेवले, तेव्हा कुठे यांनी भाकरीला हात लावला.

लोभ आहे, तो काही तुटत नाही. वाढव म्हणून सांगवत मात्र नाही.
चारुलता