जुन्या नंबरावरचा माणूस

प्रिय धनू,

अक्षर बिघडलंय, चालवून घे. सहीपलीकडे काही लिहून बरीच वर्षं झाली.

गुडघ्याचे पट्टे पोचले. खोक्यावर पाठवणाऱ्याच्या जागी नुसतं कंपनीचं नाव होतं, पण तुझ्या आईने लगेच ओळखलं. "माझे गुडघे दुखत्यात हे दुसऱ्या कुणाला ठाव हाय?" म्हणाली. आत बिल होतं, त्यावर तुझं नाव आणि चाकणचा पत्ता. तोच मी उतरवून घेतला. पाकिटावर तुझं सासरचं आडनाव पहिल्यांदाच लिहितोय.

शिरूरमध्ये आपल्या एसटीडी बूथच्या जागी आता मोबाईलची कव्हरं विकतात. पिवळी पाटी मी घरी आणली, आई तिच्यावर पापड वाळवते. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्यावरून फोन यायचा, "अर्ध्या तासानं लावतो, घरच्यांना बोलावून ठिवा," की तू फ्रॉक सावरत वस्तीकडे पळायचीस. बायडाबाई रिसीव्हर उलटा धरून ओरडायची आणि तू तो हळूच सुलटा करून द्यायचीस. शंभरेक नंबर तुला तोंडपाठ होते. मला आता तुझ्या भावाचाही येत नाही. प्रविणचा फोटो दाबला की फोन लागतो.

आठ वर्षांपूर्वी तू स्वतःच्या मनाने लग्न केलंस, तेव्हा मी म्हणालो होतो, "या घरात फोन करायचा न्हाई." तू केला नाहीस. आई मात्र तो बटणांचा फोन रोज सकाळी चार्जिंगला लावायची आणि चुलीपाशी घेऊन बसायची. गेल्या वर्षी प्रविणने मला मोठा फोन घेऊन दिला, नव्या नंबराचा. जुन्याचं रिचार्ज संपत आलं तशी आईने दोनदा आठवण करून दिली. मी म्हणालो, "कुणाचा फोन यायचाय त्याच्यावर?" अख्ख्या वस्तीला फोनवर बोलावून घेणारा मी, मुद्दाम रिचार्ज केलं नाही. नंबर बंद झाला. आईला हे अजून सांगितलेलं नाही. फोनचा दिवा लागतो, घड्याळ दिसतं, म्हणून तिला तो चालूच वाटतो. आजही सकाळी तिने तो चार्जिंगला लावला.

पार्सलवर तू तोच नंबर दिला होतास. पार्सल आणणारा अंगद दारात हसत म्हणाला, "आप्पा, तुमच्या नंबरवर कोन बाबा हाय? लई शिव्या घालतोय. पुन्हा फोन केला तर बघून घेईन म्हनला. नाव इचारत इचारत आलो बगा." कंपनीने तो नंबर दुसऱ्या कुणाला देऊन टाकलाय. आई आत होती, तिने ऐकलं नाही.

तेव्हापासून मला नीट जेवण जात नाही. नंबर तुला अजून पाठ आहे, म्हणजे या वर्षभरात कधीतरी तू तो लावला असशील. पलीकडून पुरुषाचा आवाज आला असेल आणि शिव्या. माझा राग तुला ठाऊक. आवाज कुणाचा हे बघायला तू थांबली नसशील. धनू, तो मी नव्हतो. हे सांगायलाच लिहितोय. आठ वर्षांपूर्वी बोललो तो मात्र मीच, आणि ते शब्द मी परत घेतो. नवा नंबर कागदाच्या मागे मोठ्या आकड्यांत लिहिलाय. फोन मीच उचलेन. आवाज नीट ऐकून घे, मग ठेवायचा तर ठेव.

तुझाच,
बूथवाला आप्पा