पाचशे पानांची काटकसर

७ जानेवारी १९७४, सोमवार

चहाला चव नाही! वहिनीने कालचीच पत्ती वाळवून पुन्हा उकळली. वर म्हणते, "रंग तं आला नं?" आला रंग. रंगाने डोकं दुखायचं थांबतं का?

साबणाच्या चिपा जुन्या मोज्यात भरून अंघोळ. सात वाजेपर्यंत दिवा लावायचा नाही. ऑफिसला पायी. भाजी आणायची ती बाजार उठताना — म्हणजे उरलेली, किडकी वांगी! मी चिडले की दादाचं उत्तर ठरलेलं — "तुह्याच लग्नासाठी तं करून राहिलो नं वं!"

एकतिसावं संपलं मला. हे लग्न कधी व्हायचं?

१ फेब्रुवारी, शुक्रवार

पगार झाला. पाकीट दादाच्या हातात. त्यातले दहा रुपये मला हातखर्चाला मिळाले. "कशाले पाहिजेत?" याचं उत्तरही द्यावं लागलं!

१० फेब्रुवारी, रविवार

मधुसूदन पाहायला आले. काटोलला मास्तर आहेत. सोबत आई. मला पसंत. इथे लिहायला काय हरकत — फार पसंत! मी नेसले होते ते दांड घातलेलं पातळ, दोन जुन्यांचं एक केलेलं. मधली शिवण त्यांना दिसली असणारच. हसले नाहीत.

देण्याघेण्याचं निघालं तेव्हा म्हणाले, "आम्हाले काही नाही पाहिजे, वामनराव. दोन हार आणा, झालं."

मला तर उडीच मारावीशी वाटली. दादा मात्र दुखावला. "असं कसं जी? एकुलती एक बहीण आहे माही. पाचशे पान तं उठलंच पाहिजे. लोकं काय म्हणतील?"

त्यांच्या आईने अक्षय तृतीयेपर्यंत मुदत दिली. मग दुसरी मुलगी बघणार म्हणे.

११ फेब्रुवारी

पाचशे! पाचशे माणसं मी ओळखते तरी का?

३ मार्च, रविवार

दुपारभर वहिनीबरोबर अंगणात शेगडीसाठी गोळे थापले. कोळशाची चुरी, शेण, माती. हात कोपरापर्यंत काळे. मी धुसफुसत होते. वहिनी एकदम म्हणाली, "माह्या लग्नात सातशे पान उठलं, बाई. मले एकाचंबी तोंड आठवत नाही. घुंगटात नुसती घामानं भिजून राहिली होती मी."

मग पुन्हा थापायला लागली. मला वाटलं होतं, हिला या घरात कशाचंच काही वाटत नाही.

१५ मार्च, शुक्रवार

दादाने सांगितलं — यंदा नाही! तेलाचे भाव कुठे गेले, साखरेचे कुठे गेले, पाचशे पानं कशी उठवायची? "पुढच्या वर्षी धूमधडाक्यात करू." म्हणजे जितकं जोडावं तितकं ते लग्न पुढे पळतं! मी म्हटलं, ते तर दोन हार म्हणतात. दादाचे डोळे भरले. "बाबा गेले तवा तू सहा वर्षांची होतीस. तुले भिकाऱ्यावाणी लावून देऊ?"

भांडायला निदान वाईट माणूस तरी समोर हवा.

१८ मार्च, सोमवार

अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मी पत्र टाकलं होतं, मधुसूदन आले. लग्न नोंदणीच्या कचेरीत नोटीस दिली. महिनाभर थांबायचं, मग सह्या. मी माझं नाव दोनदा गिरवलं.

तीन साक्षीदार लागतात. त्यांच्या शाळेतले दोघं येतील. माझ्या बाजूने कोण?

२ एप्रिल

चहा तसाच. आज चिडले नाही. दादाने माझ्या चपलेचा अंगठा स्वतः शिवून दिला. मोच्याचे पैसे वाचले म्हणून खूश होता.

१४ एप्रिल, रविवार

ऑफिसात कोणाला विचारायचा धीर होत नाही. एकीला विचारलं की संध्याकाळपर्यंत दादाला कळेल.

२१ एप्रिल, रविवार

शेवटी वहिनीलाच सांगितलं. उद्या अकरा वाजता सह्या, असं असं. ती ऐकत होती. मग उठून आत गेली. आता दादाला सांगणार. संपलं सगळं. हिलाच सांगायची कुठून बुद्धी झाली मला!

२२ एप्रिल, सोमवार. काटोल.

तिसऱ्या साक्षीदाराची सही — पुष्पलता वामनराव. एवढ्या उन्हात वहिनी लग्नातला शालू नेसून आली होती! बसपर्यंत पोहोचवलं. "घरी मी सांगतो. तुम्ही मांगं पाहू नका, बाई."

पाहिलं नाही. पण दादाची फार आठवण येते आहे.