आबांची अट

३ मार्च १९७४, रविवार

आबा डोळे दाखवायला मिरजेला यायला तयार झाले! दोन वर्षं आम्ही सगळे मागे लागलो होतो. नजर इतकी गेली आहे की ताटातली भाकरी चाचपून घेतात. वाडीत जो तो म्हणतो मोतीबिंदू आहे, काढला की दिसेल. पण "कापाकापी नगं" म्हणून आबा उठून जायचे. आज आपणहून म्हणाले, "येतो. पण यष्टीनं न्हाई. राजारामची जावा चालू कर, तिच्यावर बसून येतो."

मला वाटलं, सुनेची चेष्टा करताहेत. यांची ती जावा मोटारसायकल चार वर्षं गोठ्यात पोत्यांखाली उभी आहे. हे फौजेतून सुट्टीवर येतात, पोतं उचलून बघतात, परत टाकतात. कोंबड्या तिच्या सीटवर अंडी घालतात.

"ती कोण चालू करणार?" मी विचारलं.

"तू. हात तुजं, कान माजं."

आबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते. मोटारसायकलवरून पलटणीचं टपाल पोचवायचे. इंजिनाचं त्यांना सगळं कळतं. मला चूल आणि खडू कळतो.

कालच माझ्या बदलीचा कागद आला आहे. जूनपासून खडकवाडीची शाळा. बारा मैल, सगळा चढ आणि माळ, यष्टी दिवसातून एकदा आणि तीही दुपारी. यांचं जुनंच म्हणणं — नोकरी सोड. सोडावीच लागेल बहुतेक. ते जूनचं जूनमध्ये. आधी आबांचे डोळे.

१० मार्च, रविवार

कोंबड्या हाकलल्या. गाडी धुतली. खाली लाल रंग निघाला, मला वाटत होतं काळी आहे.

इंजिन पार जखडलं आहे. किकवर उभी राहिले तरी दांडी हलत नाही. आबा गाडीशेजारी बसले, हाताने एकेक भाग चाचपून मला नाव सांगत गेले. मी वहीत चित्र काढलं. प्लग काढून त्या भोकात रॉकेल ओतलं. चार दिवस तसंच ठेवायचं.

"मग?"

"मग गिअरमधी टाकून पुढं-मागं हालवायचं. गोडीनं. जबरदस्ती केली तर मोडंल."

१४ मार्च

हलली. एक बोटभर.

१६ मार्च

आज पूर्ण फिरली. आबांनी कान लावून ऐकलं. "रिंगा गेल्यात," म्हणाले. मला नुसती खरखर ऐकू आली.

२४ मार्च, रविवार

इंजिनाचं डोकं उघडलं. चार नट, त्यातला एक गंजलेला, त्याने पूर्ण दुपार घेतली. आत पिस्टनवर कोळशाचा थर. आबांनी लोखंड वापरू दिलं नाही. बांबूच्या कामटीने खरवडायचं, म्हणजे चरा पडत नाही. वर्गातल्या फळ्यासारखं स्वच्छ केलं.

पिस्टनच्या रिंगा खरंच तुटल्या होत्या. दोन्ही.

दोन्ही सायलेन्सरांच्या आतल्या नळ्या काजळीने बुजल्या होत्या. त्या विस्तवात भाजून काढायच्या म्हणून मी चुलीत घातल्या. असा धूर झाला की सासूबाई पदर नाकाला लावून बाहेर आल्या.

"आगं, माज्या चुलीत इंजन शिजवतीस व्हय?"

आबा एकटेच हसत होते. सासूबाईंनी दोघांनाही चहा दिला नाही.

३१ मार्च, रविवार

साताऱ्याला गेले. जुन्या सामानाच्या दुकानात रिंगा, पॉइंट, ब्रेकचे पट्टे मिळाले. दुकानदार सारखा विचारत होता, "मिस्त्री कुठाय? मिस्त्रीला पाठवा." शेवटी मी जुनी रिंग काउंटरवर ठेवली आणि म्हटलं, "मिस्त्री मीच."

पुढच्या दातेरी चक्राचाही विषय निघाला. मी म्हटलं होतं, लांब जायचं तर मोठं घेऊ, गाडी निवांत पळेल. आबांनी निघतानाच बजावलं होतं, "न्हाई. एक दात कमीचं आण. चढाला जोर पायजे."

"मिरजेला चढ कुठाय आबा?"

"असू दे गं."

आणलं. वाद कोण घालणार.

७ एप्रिल

रिंगा बसवताना एक मोडली. रडू आलं. आबा म्हणाले, "मी इटलीत तीन मोडल्या हुत्या. सायबानं आईवरनं शिव्या दिल्या. मी तुला देत न्हाई, एवढाच फरक." परत साताऱ्याला जावं लागणार.

१४ एप्रिल

जयंती. गाडीला हात नाही. आबा निळा फेटा बांधून मिरवणुकीच्या पुढे, माझ्या खांद्यावर हात ठेवून. कुणी समोर आलं तर आवाजावरून ओळखतात. लहान मुलांना मात्र ओळखत नाहीत, मुलांचे आवाज दर वर्षी बदलतात. शेजारच्या लीलाबाईंचा नातू पाया पडला तर विचारत राहिले, कोण, कोण. मला बघवलं नाही. हे डोळे मी परत आणणारच.

२१ एप्रिल, रविवार

पॉइंट लावले. ठिणगी नेमकी कधी पडते ते बघायला आबांची युक्ती — सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटमध्ये धरायचा, चाक हळूहळू फिरवायचं, कागद सुटला की तो क्षण. मी चाक फिरवलं, कागद आबांनी धरला. त्यांची बोटं माझ्या डोळ्यांपेक्षा बारीक बघतात.

दुपारी चार वाजता किक मारली. अकरा वेळा काही नाही. बाराव्या किकला एक धडाका, पांढरा धूर आणि गाडी चालू!

सगळी वाडी गोठ्यात. आबा हात वर करून सगळ्यांना गप्प करत होते. ऐकायचं होतं त्यांना. बराच वेळ ऐकलं, मग म्हणाले, "डावीकडं कोंडतीया. पण जित्ती हाय."

२८ एप्रिल

डावा सायलेन्सर परत उघडला. आत कोंबडीचं पीस.

५ मे, रविवार

सुट्टी लागली, रोज काम. ब्रेकचे पट्टे बदलले, साखळी उकळत्या ग्रीसमध्ये बुडवून घेतली, दिवा लागला. गावातल्या लोहाराकडून आबांना धरायला सीटमागे लोखंडी कडं आणि त्याला जोडून सामानाची जाळी करून घेतली. पुढच्या बाजूला पायाचे गार्ड. त्याने विचारलं, "रणगाडा करतायसा का बाई?"

गाडी तयार आहे. दादासो — आबांचा पुतण्या, सांगलीत ट्रकवर ड्रायव्हर — चालवायला येणार आहे.

१२ मे, रविवार

दादासो आला, आबांना मागे बसवून वाडीला एक चक्कर मारली. उतरल्यावर आबा त्याच्याशी बोललेच नाहीत. मला म्हणाले, "ह्याच्या मागं मी बसायचा न्हाई. गिअर टाकतोय का घण घालतोय? तू शीक."

"मी?"

"मग कोण? गाडी तुला वळाकती."

दादासो चहा पिऊन शहाण्यासारखा निघून गेला. मी आबांना सांगितलं, बायका मोटारसायकल चालवत नाहीत. आबा म्हणाले, "बायका इंजन बी उघडत न्हाईत."

१४ मे

माळावर दोनदा पडले. साडी पायाच्या दांड्यात अडकते. पोटरीला सायलेन्सरचा चटका.

१५ मे

सकाळी सासूबाईंनी त्यांचं जुनं नऊवारी लुगडं काढून दिलं. "काष्टा घालून बस. आमी बैलगाडी हाकत हुतो ती काय गोल साड्या नेसून?" चुलीतल्या धुरानंतर त्या गाडीबद्दल पहिल्यांदाच बोलल्या.

काष्ट्याने सगळं सोपं झालं. आज पडले नाही.

१९ मे, रविवार

आबा माळाच्या मधोमध दगडावर बसतात, मी त्यांच्याभोवती फेऱ्या मारते. ते नुसत्या आवाजावर ओरडतात — "गिअर बदल! उशीर केलास!" आज ते तासभर काहीच ओरडले नाहीत. मला वाटलं झोप लागली. जवळ गेले तर जागे.

बसल्या बसल्या मी विचारलं, लढाई, बर्फ, गोळे, त्यात गाडीवर भीती वाटायची नाही?

म्हणाले, "भ्या वाटायचं. पर गावात मला लोक लांब हो म्हणायचं, सावली नगं म्हणायचं. तितं गाडीवर बसलो की लांब हो म्हणायच्या आत मीच फुडं गेलेलो असायचो. ती चव लय येगळी, पोरी."

२२ मे

सांगलीला जाऊन शिकाऊ परवाना काढला. कारकुनाने अर्ज तीनदा वाचला. "मिस्टरांच्या नावाचा अर्ज आणायचा होता." मी म्हटलं, मिस्टरांना गाडी येते.

२८ मे

यांचं पत्र. दादासोने कळवलेलं दिसतं. "लोक हसतील. आबांना यष्टीने ने, आणि राजीनामा शाळा उघडण्याआधी दे." पत्र आबांना वाचून दाखवलं, सगळं, एक शब्द न गाळता. आबा म्हणाले, "लिव त्याला — इंजन झकास हाय."

तेवढंच लिहिलं. राजीनामाही लिहून ठेवला आहे. मिरजेहून आल्यावर देईन.

६ जून, गुरुवार. मिरज

पोचलो! धर्मशाळेत खोली मिळाली. बोटं अजून हँडल धरल्यासारखी वळलेलीच आहेत, अक्षर वेडंवाकडं येतंय.

सकाळी सहाला निघालो. सासूबाईंनी भाकरी बांधून दिल्या, चाकावर पाणी घातलं, आणि आबांना म्हणाल्या, "बगून आल्यावर आदी माजं त्वांड बगा, मग दुसरं." आबांनी घाईने कडं धरलं.

कडेगाव सोडलं तोवर मी श्वासच घेतला नव्हता. रस्त्यावर उसाच्या रिकाम्या बैलगाड्या, सायकली, एक यष्टी. यष्टीच्या खिडक्यांतून सगळी डोकी बाहेर. आबा मागे ताठ बसलेले, मी वळण्याआधीच वळणाकडे कलायचे. न दिसता कसं कळतं कोण जाणे.

पलूसच्या अलीकडे गाडी दोनदा खोकली आणि बंद. रस्त्याच्या कडेला घेतली. आबांना मैलाच्या दगडावर बसवलं. त्यांनी काहीतरी सांगावं म्हणून मी थांबले. ते नुसते बसून राहिले.

तेवढ्यात चार-पाच जण जमले. एक फेटेवाला पुढे होऊन म्हणाला, "व्हा बाजूला बाई, बगतो मी."

आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे पावणं. तिची गाडी हाय, तिला बगू द्या."

पेट्रोल येत होतं. म्हणजे ठिणगी. प्लग काढला — दोन टोकांच्या मध्ये काजळीचा केसाएवढा धागा, ठिणगी तिथेच मरत होती. पिशवीतला दुसरा प्लग लावला. पहिल्या किकला चालू. फेटेवाला म्हणाला, "लय भारी!" आणि आबांना हाताला धरून सीटपर्यंत आणलं.

नंतर सांगलीपर्यंत मी एकदाही घाबरले नाही. सांगलीच्या गर्दीत सायकलवाल्यांमधून अशी गाडी काढली की आबांनी पाठीवर थाप मारली.

उद्या सकाळी नऊला डॉक्टर. आबा गाढ झोपलेत. ऑपरेशन उद्या की परवा, ते कळेल. पट्टी सोडतील तेव्हा मी समोर उभी राहणार नाही. सासूबाईंचं आधी.

७ जून, शुक्रवार

डॉक्टरांनी बॅटरी लावून दोन मिनिटं पाहिलं. म्हणाले, "आजोबा, दिवाळीत मीच सांगितलं होतं ना तुम्हाला? हा मोतीबिंदू नाही. काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही."

दिवाळीत आबा चार दिवस सांगलीला दादासोकडे राहिले होते; तिथून मिरज पाच-सहा मैल. आम्हाला कुणाला एक शब्द बोलले नव्हते.

बाहेर गाडीपाशी आलो. म्हटलं, माहीत होतं तर मग अट कशाला घातलीत? तीन महिने आबा!

"नुसतं गाडी शीक म्हणलो असतो तर शिकली असतीस?"

मी किल्ली लावली. आबांनी चाचपत सीट शोधली, कडं धरून बसले.

"चल. सोमवारी खडकवाडीची शाळा उगडतीया."