जो येईल त्याचं ताट

रविवार, ७ सप्टेंबर

…सोडे उन्हात पसरले, कोंबड्यांना कणी टाकली, तांदळाच्या पिठाची उकड काढली आणि पहिली भाकरी तव्यावर टाकली, तेवढ्यात शाहिदभाईंचा फोन आला. मे महिन्यातली ती सकाळ. शाळेतली नोकरी पक्की झाली भाबी, तयारीला लागा, म्हणाले. भाकरी करपली. मी ती तशीच खाल्ली, हसत हसत.

आज इथे येऊन आठवडा झाला, म्हणून ही वही उघडली. जेद्द्याहून वर, इकॉनॉमिक सिटीच्या पुढे समुद्राकाठी हे लहान गाव आहे. एक रस्ता, एक मशीद, किराण्याचं एक दुकान. शाळेत लहान मुलींना इंग्रजी शिकवायचं. मी बी.ए. केलं ते चाळिशीत, मुक्त विद्यापीठातून. इंग्रजी त्याआधीच शिकले होते. माझे हे जेद्द्याहून साबण वगैरे सामान पाठवायचे ते वर्तमानपत्रांत गुंडाळून, तीच मी वाचायची. माझ्या इंग्रजीला अजून साबणाचा वास येत असेल. मुली मला मिस ताजमहाल म्हणतात आणि तोंडावर हात ठेवून हसतात. मीही हसते.

घर हम्माद नावाच्या माणसाचं आहे. खाली तो, त्याची आई उम्म हम्माद आणि मुलगी सहर. सहर माझ्याच वर्गात आहे. वर एका खोलीत मी, दुसरीत इफरा, मधे सामायिक स्वयंपाकघर. इफरा म्हसळ्याची, विज्ञान शिकवते. मला खाला म्हणते आणि माझ्या हातच्या कालवणासाठी आपली खोली लिहून देईन म्हणते.

विमानतळावरून येताना शाहिदभाईंनी कब्रस्तानाच्या भिंतीशी गाडी थांबवली होती. हे वीस वर्षं त्यांच्यासोबत जेद्द्याच्या शराफिया भागात दुकानात होते, आणि आता त्या भिंतीपलीकडे आहेत. बायकांना आत सोडत नाहीत. इथे कबरीवर नावही लिहीत नाहीत, शाहिदभाईंनाही आता नेमकी जागा दाखवता येत नाही. मी काचेतून भिंत पाहिली. पांढरी होती.

जुमेरात, ११ सप्टेंबर

हे होते तोवर मी कधी त्यांचं नाव घेतलं नाही. आमच्यात बायका घेत नाहीत. ते गेल्यावर घ्यायला लागले, तेही फक्त जुमेरातीला, गुरुवारी, फातिहा देताना. ताट वाढायचं, ऊद घालायचा, दुआ पढायची आणि हे जलालच्या नावाचं म्हणून पोहोचतं करायचं. आठवड्यातून एकदा. आज लिहितानाही हात जरा अडखळला.

धुराची भीती नव्हती, इथे घरोघरी बखूर जळतो. ताट मांडलं, भाकरी, हमूर माशाचं कालवण. मगरीबची नमाज नुकती झाली होती. पढणार तेवढ्यात इफरा पाणी घ्यायला आली. ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. खाला, इथे हे चालत नाही, म्हणाली, मेलेल्यांना जेवण पोहोचतं हे तुम्ही शिकल्यासवरलेल्या असून मानता? शाळेत कळलं तर मुलींसमोर उभं राहू देणार नाहीत. मग हसून विचारलं, "की दुसऱ्याच कोणाचं आहे हे ताट?"

मी म्हटलं, "कोणाचं असं नाही गं. जो येईल त्याचं."

ऊद नळाखाली विझवला. दुआ पढले नाही. नाव घेतलं नाही. ताट उचलायचीही लाज वाटली, झाकून तिथेच ठेवलं.

रविवार, १४ सप्टेंबर

शुक्रवारी सकाळी ताट रिकामं होतं. मांजर असेल म्हणून मी खिडकी पाहिली, ती बंद होती. आणि मांजर काटे एका कडेला रचून ठेवत नाही. माशाचं डोकंही खाल्लेलं होतं, फक्त हाड उरलं होतं, चोखून स्वच्छ. इफराने खाल्लं असेल असं धरून चालले. तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर ताटाचा विषय पुन्हा निघाला असता.

हे कधीच डोकं खात नसत. उचलून माझ्या ताटात ठेवायचे. तू वाचतेस, तुला डोकं लागतं, म्हणायचे.

वर्गात या आठवड्यात कुटुंबाचा धडा. धिस इज माय फादर. हिज नेम इज अमुक. मी म्हणते, मुली मागून म्हणतात. सहरचा आवाज सगळ्यांच्या वर.

जुमेरात, १८ सप्टेंबर

आज नाव घ्यायचंच ठरवलं होतं. इफरा स्वयंपाकघरातच वह्या तपासत बसली, उठेना. मी ताट वाढलं आणि बोलले काहीच नाही. तिने वर पाहिलं तेव्हा म्हटलं, उरलंय, ठेवते.

आपल्याच नवऱ्याचं नाव घ्यायची चोरी. एवढी मी कधी भित्री नव्हते.

खोलीत आल्यावर स्वयंपाकघरात खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं. इफरा तेव्हा गॅलरीत फोनवर बोलत होती.

बुधवार, २४ सप्टेंबर

मुलींना माय टीचर्स होम असं चित्र काढायला दिलं होतं. सहरने आमचा वरचा मजला काढला. एका खिडकीत इफरा मिस, चष्मा लावलेली. दुसऱ्या खिडकीत मी. मधल्या खिडकीत टेबल, आणि टेबलाशी एक पुरुष. मी विचारलं हे कोण. ती सहज म्हणाली, "ही इज ईटिंग."

बाकीच्या मुली हसल्या. मी चित्र घडी करून पर्समध्ये ठेवलं. माझ्या वयाची विधवा, आणि मुलींच्या चित्रात माझ्या घरी पुरुष. घाबरायला हवं होतं, पण आधी लाजच वाटली.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

काल ताट वाढलंच नाही. संपेल म्हटलं.

सकाळी फडक्याखालची भाकरी गेली होती. चहाचे दोन कप विसळून पालथे घातलेले. मी एकच वापरला होता.

इफरा बॅग भरत होती. शाळेच्या हॉस्टेलमध्ये जागा मिळाली म्हणाली. मी खूप खोदून विचारलं तेव्हा नजर खाली घालून बोलली. रोज तिला मधल्या खोलीतून माणसाचं खाकरणं ऐकू येतं. काल तिने पाठमोरा पाहिला.

"खाला, मी कोणाला सांगणार नाही," म्हणाली. "पण निदान खिडकीचा पडदा तरी लावत जा."

मला ओरडून सांगायचं होतं की माझं कोणी नाही. काय सांगणार? ताट तर मीच मांडलं.

सोमवार, २९ सप्टेंबर

शाळेतून आले तर उम्म हम्माद जिन्यातच उभी. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. मधे सहर, दुभाषी. आजीचं अरबी ऐकायची आणि मी शिकवलेल्या इंग्रजीत मला विचारायची. असा प्रश्न, आठ वर्षांच्या पोरीच्या तोंडून.

"हू इज द मॅन, टीचर?"

एकटी बाई, भाड्याचं घर, परका पुरुष. हम्मादने शाळेला एक फोन केला की नोकरी गेली आणि इथे राहायचा परवाना, इकामाही. परत जाऊन गावात काय सांगू? मग ती भिंतसुद्धा पुन्हा दिसणार नाही. आणि मी म्हटलं, धड्यातलंच वाक्य, स्पष्ट उच्चारात —

"ही इज माय हजबंड."

सहरला धडा पाठ आहे. पुढचा प्रश्न तिने आपणहून विचारला. "व्हॉट इज हिज नेम?"

"हिज नेम इज जलाल."

उम्म हम्मादचा चेहरा उजळला. व्हिजिटवर आलाय का, मग सांगायचं नाही का, म्हणाली. माझ्या गालाला हात लावला. जलाल, जलाल, म्हणून दोनदा म्हणून पाहिलं.

वर, आमच्या दारामागून, ओ आली.

मंगळवार, ३० सप्टेंबर

खालून खजूर आले, आणि मोठं थाळंभर कब्सा, मटण घातलेला भात. नवऱ्यासाठी. मी शुक्रन म्हटलं.

दोन आठवडे तो खाकरायचा तसा आता खाकरत नाही. आता ह्यांच्यासारखा खाकरतो. आधी एक लहान, मग थांबून एक मोठा. हे असं खाकरणं कोणालाच माहीत नव्हतं. मलाही आत्ता आठवलं.

नाव मिळालं, त्याबरोबर बाकीचंही —

बुधवार, १ ऑक्टोबर

वर्गात धडा पुढे सरकवता आला नाही. मुली ओरडल्या, मिस ताजमहाल, युवर हजबंड, युवर हजबंड. सहरने सांगितलं असणार. मी फळ्यावर लिहिलं, माय हजबंड्स नेम इज, आणि खडू —

पुसून टाकलं.

इफरा आवारात भेटली. नवरा आलाय म्हणे, म्हणाली. तिला माहीत आहे मी विधवा आहे ते. तोंड फिरवून गेली.

जुमेरात, २ ऑक्टोबर

ताट वाढलं. ऊद घातला. आज कोण होतं अडवायला. दुआ पढले, सगळी, न चुकता. मग नाव घेतलं —

मधल्या खोलीतून ओ आली.

पुन्हा घेतलं. पुन्हा ओ. हळू घेतलं, मनात घेतलं. तिकडे पाऊल वाजलं.

मग पोहोचवू कसं? कोणाच्या नावे? भिंतीपलीकडे दगड नाही, नाव फक्त माझ्या जिभेवर होतं. तेही मीच देऊन बसले. लाजेपायी.

वहीतली मागची पानं उघडली. आहे, नाव तिथे लिहिलेलं आहे. वाचलं की आतून —

वाचायचं नाही.

हम्मादने निरोप पाठवला. उद्या जुम्म्यानंतर तो वर येणार. पाहुण्याला भेटायला, कॉफी घेऊन. नवरा बाहेर आला नाही तर मी खोटारडी ठरणार. किंवा त्याहून वाईट.

आला तर —

शनिवार, ४ ऑक्टोबर

झोप नाही. लिहून टाकते, मग बरं वाटेल.

काल हम्माद खूश होऊन गेला. चांगला माणूस आहे तुझा नवरा, कमी बोलतो, म्हणाला.

हम्माद गेल्यावर आम्ही दोघं जेवायला बसलो, तेव्हा त्याने माशाचं डोकं उचलून माझ्या ताटात ठेवलं. मी खाल्लं.

मी कशी हाक मारली तेवढंच लिहायचं राहिलं. काल दुपारी मी मासा केला, दोन ताटं वाढली, हम्मादला बसायला सांगितलं, मधल्या दाराशी गेले आणि त्याला हाक मारली, ज—